पवित्र शास्त्राचा अभ्यास आणि मराठी ख्रिस्ती जीवन : एक ऐतिहासिक आकलन (इ.स. १८११ ते १९२४)

प्रस्तावना

कोणत्याही धर्मपरंपरेत ग्रंथाशी असलेले भाविकाचे नाते एकाच प्रकारचे नसते. ग्रंथ पूजिला जातो, ऐकला जातो, पाठ केला जातो, आणि क्वचित अभ्यासिलाही जातो. महाराष्ट्रातील भाविकाला पोथीचे पारायण परिचित आहे. ठरावीक दिवसांत ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत वाचून पूर्ण करणे हे पारायणाचे स्वरूप होय. अभ्यासाचे स्वरूप मात्र निराळे असते. अभ्यासक थांबतो, शंका घेतो, एका ठिकाणचे वचन दुसऱ्या ठिकाणच्या वचनाशी ताडून पाहतो आणि अखेरीस ते वचन स्वतःच्या वर्तनाला लावून पाहतो. हा शेवटचा टप्पा नसेल तर अभ्यास केवळ पांडित्य ठरतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथातच या भेदाची जाणीव व्यक्त झालेली आढळते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात बिरुया नगरातील लोकांची प्रशंसा आहे. कारण पौलाचा उपदेश त्यांनी आदराने ऐकला, परंतु तो खरा आहे की नाही हे ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत असत. त्याच पुस्तकात रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचणारा कूशी अधिकारी भेटतो. वाचलेले उलगडून सांगणारा कोणी तरी हवा, अशी त्याची मागणी आहे. याकोबाच्या पत्रात वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणाऱ्याची तुलना आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या मनुष्याशी केलेली आहे. स्वतंत्र पडताळणी, मार्गदर्शकाची गरज आणि आचरण ही पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची तीन अंगे या तीन प्रसंगांतून स्पष्ट होतात.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासाने ख्रिस्ती जीवनाला कोणते लाभ होतात, हा प्रश्न बहुधा उपदेशाच्या पातळीवर विचारला जातो. मनःशांती, श्रद्धेची दृढता, नीतिमत्ता अशी त्याची ठराविक उत्तरेही दिली जातात. ती उत्तरे चुकीची नाहीत. पण अपुरी आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात हा प्रश्न इतिहासाला विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठी भाषेत पवित्र शास्त्र उपलब्ध होण्याच्या प्रक्रियेचा थोडक्यात आढावा घेणे.
२) बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील शास्त्राभ्यासाचे स्थान तपासणे.
३) या अभ्यासाचे व्यक्तिगत व सामाजिक परिणाम आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संबंधित व्यक्तींची आत्मकथने, पत्रव्यवहार व साहित्यकृती हा विवेचनाचा मुख्य आधार आहे. सेरामपूर येथे मराठी नवा करार छापला गेला ते १८११ हे वर्ष आणि पंडिता रमाबाईंचे संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले ते १९२४ हे वर्ष, या दोहोंमधील कालखंड प्रामुख्याने विचारात घेतला आहे. त्याच्या मागेपुढे आवश्यक तेवढेच जाणे केले आहे.

१. शास्त्र मराठीत येण्यापूर्वी

मराठी भाषेत बायबलमधील कथा प्रथम विस्ताराने आली ती भाषांतराच्या नव्हे तर पुराणाच्या रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या कराराची व दुसऱ्यात येशूच्या जीवनाची कथा येते. धर्मांतर केलेल्या लोकांच्या हातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात काहीतरी द्यावे, ही गरज या रचनेमागे होती. गोव्यातील ख्रिस्तमंदिरांत या पुराणाचे वाचन होत असे आणि निरक्षर श्रोत्यांनाही त्यातील प्रसंग मुखोद्गत होत.

तथापि, ख्रिस्तपुराण हे शास्त्राचे कथन होते, प्रत्यक्ष शास्त्र नव्हते. तत्कालीन कॅथलिक परंपरेत मिस्साविधीची भाषा लॅटिन होती आणि सामान्य भाविकाने स्वतः बायबल वाचावे, अशी अपेक्षा नव्हती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घालणारे फर्मान काढले. परिणामी ऐकण्याची परंपरा टिकली, तरी पडताळून पाहण्याची संधी भाविकाला मिळाली नाही.

२. भाषांतर आणि छापखाना

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटले. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर शब्दकोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. १८११ मध्ये नवा करार मोडी लिपीत छापून झाला. व्याकरण, कोश आणि धर्मग्रंथ यांची ही जवळीक अर्थपूर्ण आहे. शास्त्राच्या भाषांतरासाठी भाषेचा अभ्यास करावा लागला आणि त्या अभ्यासाचा लाभ धर्माच्या मर्यादेबाहेर मराठी गद्यालाही झाला.

१८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले. त्याच वर्षी मुंबईत बायबल सोसायटीची शाखाही सुरू झाली. अमेरिकन मिशनने सेरामपूरच्या भाषांतरावर विसंबून न राहता नवे भाषांतर हाती घेतले व त्यांचा नवा करार १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण पवित्र शास्त्र १८४७ मध्ये मुंबईत छापले गेले. दरम्यान १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे स्थापन झाले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ नियतकालिक सुरू झाले.

शास्त्र छापून झाले म्हणजे ते वाचले गेले असे नव्हे. अहमदनगर परिसरातील खेड्यांत ज्या महार व मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवण्यात आले होते. त्यांच्या हाती शास्त्र देण्यापूर्वी अक्षर देणे भाग होते. त्यामुळे ख्रिस्ती वस्तीत शाळा आणि उपासना यांची वाढ बरोबरीने झाली. पुष्कळ ठिकाणी एकच खोली आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासनामंदिर असे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी वचने पाठ करणे, प्रश्नोत्तरे आणि कीर्तन ही साधने होती. बायबल-बाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रिया घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवीत व बायकांना वाचावयास शिकवीत. कूशी अधिकाऱ्याने मागितलेला मार्गदर्शक येथे असा सामान्य वेषात आलेला दिसतो.

३. बाबा पदमनजी : गुप्ततेकडून प्रकट जीवनाकडे

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगाव येथे कासार समाजातील धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. घरात पोथ्यांचे वाचन होत असे आणि लहानपणापासून त्यांना वाचनाची गोडी होती. मिशनच्या शाळेत त्यांचा बायबलशी परिचय झाला. पुढे मुंबईत शिकत असताना ते परमहंस मंडळीच्या संपर्कात आले. जातिभेद मोडणे व एकेश्वराची उपासना करणे हे या मंडळीचे ध्येय होते. परंतु तिचे कामकाज गुप्तपणे चाले. सभासद एकांतात जातिनियम मोडीत आणि घरी परतल्यावर ते पाळीत.

‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पदमनजींनी आपल्या मनाचा प्रवास तपशिलाने सांगितला आहे. त्यांचे परिवर्तन एका क्षणात झालेले नाही. अनेक वर्षांचे वाचन, शंका, वादविवाद, आप्तांच्या दुःखाची भीती आणि वारंवार लांबणीवर पडलेला निर्णय असा तो प्रवास आहे. शास्त्राची सत्यता बुद्धीला पटणे आणि त्याप्रमाणे उघडपणे वागणे यांत किती अंतर असते, याचे हे आत्मचरित्र म्हणजे प्रामाणिक निवेदन होय. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घर आणि जात या दोहोंच्या रूपाने द्यावी लागली.

या अभ्यासाचे फळ केवळ धर्मांतरात दिसत नाही. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या कृतीत त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीचे चित्रण केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश केला जातो. अनाथ व विधवा यांची काळजी घेणे ही शुद्ध धर्माची कसोटी होय, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. ती कसोटी या कृतीला लावता येते. पुढील आयुष्यात पदमनजींनी विपुल ग्रंथरचना केली आणि नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. शास्त्राचा अर्थ मराठी वाचकाला मराठी मनुष्याने उलगडून सांगावा, ही या टीकेमागील भूमिका महत्त्वाची आहे. तोपर्यंत मार्गदर्शकाचे स्थान मुख्यतः परदेशी मिशनऱ्यांकडे होते.

४. पंडिता रमाबाई : विवेक, करुणा आणि भाषा

शास्त्राभ्यासाचा सर्वांत सखोल व व्यापक परिणाम पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात आढळतो. संस्कृत ग्रंथांचे अध्ययन त्यांना आईवडिलांकडून लाभले होते. ग्रंथ वाचणे, पाठ करणे व त्यावर प्रवचन करणे हा त्यांच्या कुटुंबाचा जीवनक्रमच होता. त्यामुळे पवित्र शास्त्राकडे त्या आल्या त्या अभ्यस्त वाचक म्हणून. पती बिपिनबिहारी दास यांच्यासमवेत सिल्चर येथे राहत असताना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या वाचनात आले. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यानंतर त्या महाराष्ट्रात परतल्या व १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयामागील एक प्रसंग त्यांनी स्वतः नमूद केला आहे. लंडनजवळील फुलहॅम येथे वाँटेजच्या धर्मभगिनी समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने टाकले त्यांची सेवा ममतेने का करावी, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेली, परक्या समाजाची आणि लोकापवादाने वेढलेली ती स्त्री आणि तिच्याशी सन्मानाने बोलणारा ख्रिस्त यांचे चित्र रमाबाईंच्या मनावर कायमचे कोरले गेले. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. एका अध्यायाचे वाचन आणि एका संस्थेची स्थापना यांतील हा संबंध अभ्यास व आचरण यांच्या नात्याचे ठळक उदाहरण आहे.

मात्र शास्त्राभ्यासाने रमाबाईंना केवळ करुणा दिली असे म्हणणे एकांगी ठरेल. त्याने त्यांना नकार देण्याचे बळही दिले. इंग्लंडमधील वास्तव्यात सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या दृष्टीने वाचनीय आहे. चर्चची अधिकृत शिकवण निमूटपणे स्वीकारावी, अशी त्यांच्या हितचिंतकांची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, जे शास्त्रात स्वतः वाचून पटेल तेच त्या मानतील. सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती सोपविणे त्यांना मान्य नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या. क्रुसावरील लेखाची भाषा लॅटिनच का असावी, संस्कृत का नसावी, असाही प्रश्न त्यांनी विचारला. गुरुसंस्थेच्या एका बंधनातून सुटलेली व्यक्ती दुसऱ्या बंधनात शिरण्यास तयार नव्हती. बिरुयाच्या लोकांचे अनुकरण करणारा वाचक उपदेशकालाही अडचणीत आणू शकतो, हे या पत्रव्यवहारातून दिसून येते.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले गेले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून शास्त्रवाचन व प्रार्थना करीत आणि काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना तत्त्व होते. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत पालकांच्या विश्वासाचा भंग झाला, असे एका बाजूचे म्हणणे होते. तर स्वतःच्या घरात स्वतःचा धर्म लपवून आचरावा काय, हा रमाबाईंचा प्रश्न होता. परमहंस मंडळीतील गुप्ततेने पदमनजींसमोर जो पेच उभा केला होता, त्याचेच हे दुसरे रूप होय.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगाव येथील आश्रितांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. एवढा मोठा व्याप सांभाळीत असतानाच, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम अंगावर घेतले. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. प्रचलित मराठी भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर आहे, ती केडगावच्या आश्रमातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, आणि त्यातील काही शब्दांना वेदान्ताच्या अर्थच्छटा चिकटलेल्या असल्याने मूळ अर्थ झाकोळला जातो, अशी त्यांची धारणा होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द टाळून साध्या मराठीचा आग्रह धरावा, यात तिच्या ज्ञानाचा त्याग नसून त्या ज्ञानाची दिशा बदललेली दिसते.

हे भाषांतर मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. दुष्काळातून वाचलेल्या, घराने टाकलेल्या स्त्रियांच्या हातून शास्त्राचे एकेक पान तयार होत गेले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले, तरी रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मंडळ्यांच्या उपासनेत या भाषांतराला व्यापक स्थान मिळाले नाही, हे मान्य करावयास हवे. तथापि एका भारतीय स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करणे ही घटना भाषांतराच्या इतिहासात असाधारण आहे.

५. टिळक दांपत्य : शास्त्र मराठी भक्तीच्या भाषेत

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या परिवर्तनाचा आरंभ आगगाडीच्या प्रवासात झाला. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जात असताना डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्य व धर्म यांवर संवाद केला, त्यांना नवा करार भेट दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी तो आवडीने नव्हे, तर दिलेल्या शब्दाखातर वाचावयास घेतला. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथे थांबले. हिंदू तत्त्वज्ञानाच्या अध्ययनात जे प्रश्न त्यांना पडत होते, त्यांची उत्तरे त्यांना या प्रवचनात सापडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने पत्नी लक्ष्मीबाईंवर जो आघात केला त्याचे चित्रण ‘स्मृतिचित्रे’ मध्ये आहे. पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांच्या मनातील बदल क्रमाक्रमाने झाला. जातिभेद देवाने नव्हे, मनुष्याने केला आहे, हा विचार त्यांना प्रथम पटला व त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा होय. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. पांडित्याशिवायही शास्त्र जीवनात उतरू शकते, याची साक्ष त्यांच्या आयुष्यातून मिळते. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती कीर्तने करू लागल्या.

टिळकांच्या शास्त्राभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी तो मराठी संतपरंपरेपासून तोडला नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. त्यापूर्वीची ख्रिस्ती गीते पुष्कळ अंशी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे असत व परकीय चालींवर गायिली जात. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन या रूपांतून शास्त्रातील आशय मांडला. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहातील त्यांच्या रचना आजही गायिल्या जातात. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचरित्रपर महाकाव्य त्यांनी आरंभिले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतांश भाग रचला आणि लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर पुत्र देवदत्त यांनी ते पूर्ण केले. ‘ख्रिस्तपुराणा’नंतर तीन शतकांनी शास्त्रकथा पुन्हा ओवीत आली, पण या वेळी ती सांगणारे स्वतः त्या भाषेचे व त्या मातीचे होते.

रमाबाईंप्रमाणेच टिळकांनाही शास्त्राने स्वतंत्र केले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एकत्र येतील, परदेशी पैशाच्या व परदेशी वर्चस्वाच्या आधाराशिवाय राहतील, असा हा भ्रातृसंघ होता. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

६. लाभ आणि मर्यादा

वरील उदाहरणांची तुलना केली असता एक समान सूत्र दिसते. शास्त्राभ्यासाने या वाचकांचे जीवन सुलभ केले नाही. उलट घर, जात, मित्र, सल्लागार व मिशन यांपैकी कोणाशी ना कोणाशी त्यांचा संघर्ष झाला. मनःशांती त्यांना लाभली असे ते सांगतात, पण ती संघर्षानंतरची आहे. म्हणूनच अभ्यासाचा पहिला लाभ विवेकाचे स्वातंत्र्य हा मानावा लागतो. दुसरा लाभ दुर्लक्षितांकडे पाहण्याची नवी दृष्टी हा होय. तिसरा लाभ प्रार्थनेसाठी स्वतःची भाषा मिळणे हा होय.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. शास्त्र हाती आले म्हणून मंडळीतील जातिभाव नाहीसा झाला नाही. पूर्वाश्रमीच्या जातींच्या खुणा विवाहसंबंधांत टिकून राहिल्या. शास्त्रात सर्व एक असल्याचे वाचणारे मिशनरी व त्यांच्या हाताखालील एतद्देशीय सेवक यांच्यातील वेतन व अधिकार यांची विषमताही लगेच दूर झाली नाही. जेथे वाचन पारायणापुरते राहिले तेथे वचन पाठ झाले, पण वर्तनाला लागले नाही. हा दोष ग्रंथाचा नसून वाचनाच्या रीतीचा आहे.

या संदर्भात कॅथलिक समाजातील पुढील घडामोडींचा निर्देश आवश्यक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ईश्वरी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून पवित्र शास्त्राचे वाचन सर्व भाविकांसाठी खुले केले व त्याला उत्तेजन दिले. उपासनेत लोकभाषा आली. वसई परिसरातील मराठी कॅथलिक समाजात या बदलाचे स्वागत झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. रमाबाईंनी ज्या सुबोधतेचा आग्रह धरला होता, तीच या ग्रंथाच्या नावात आलेली आहे.

निष्कर्ष

१) मराठी ख्रिस्ती जीवनात पवित्र शास्त्राचा अभ्यास फलदायी ठरला तो मुख्यतः स्वभाषेतील वाचन, स्वतंत्र पडताळणी आणि आचरण या तीन गोष्टी एकत्र आल्या तेथे.
२) शास्त्राच्या भाषांतराची गरज साक्षरता, व्याकरण, कोश व मुद्रण यांना पूरक ठरली, विशेषतः अक्षरापासून वंचित राहिलेल्या समाजघटकांना व स्त्रियांना त्याचा लाभ झाला.
३) बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई व टिळक यांच्या बाबतीत शास्त्राभ्यासाने जुन्या रूढींप्रमाणेच मिशन व चर्च यांच्या अधिकारालाही प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले.
४) शोमरोनी स्त्रीची कथा व कृपासदन यांच्यातील संबंध दाखवितो की, अभ्यासाची परिणती सेवेत होते तेव्हाच तो पूर्णत्वाला जातो.
५) लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण सिद्ध करते की शास्त्राभ्यास ही विद्वानांची मक्तेदारी नाही.
६) जातिभाव व विषमता यांच्या बाबतीत मंडळीचे वर्तन शास्त्राच्या शिकवणीहून मागे राहिले; त्यामुळे ग्रंथाचे केवळ वाचन हे परिवर्तनाची हमी ठरत नाही.

समारोप

आज मराठीत पवित्र शास्त्राची अनेक भाषांतरे उपलब्ध आहेत. ग्रंथ मिळण्याची अडचण राहिलेली नाही. रमाबाईंच्या छापखान्यात एकेक खिळा जुळवून जे पान तयार होई, ते आता क्षणात वाचकासमोर येते. परंतु सुलभता आणि अभ्यास या भिन्न गोष्टी आहेत. आगगाडीत मिळालेले एक पुस्तक शब्दाखातर उघडणाऱ्या आणि पाचव्या अध्यायाशी थांबणाऱ्या टिळकांचा तो थांबण्याचा गुण आजच्या वाचकालाही मिळवावा लागतो. विहिरीवरच्या त्या स्त्रीची कथा अनेकांनी वाचली आहे; ती वाचून केडगावच्या माळावर घर बांधणारे थोडे असतात. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचा लाभ मोजावयाचा झाल्यास तो वाचलेल्या अध्यायांच्या संख्येत नव्हे, तर अशा घरांत मोजावा लागेल.